मदत हवी आहे: माजी सैनिकांचं नर्सिंग होम निवडताना (अमेरिका)

सासरे अमेरिकन, व्हिएतनाम युद्धातले. डिमेन्शिया वाढलाय, घरी ठेवणं आता शक्य नाही. सैन्यसेवेतून आलेलं अपंगत्व ७० टक्के धरलं गेल्याने खर्च व्हीए (अमेरिकी सरकारचं माजी सैनिकांसाठीचं खातं) उचलेल. पैशाचा प्रश्न नाही. पर्याय दोनच: व्हीएचं कम्युनिटी लिव्हिंग सेंटर (म्हणजे व्हीएचं स्वतःचं नर्सिंग होम) किंवा राज्याचं व्हेटरन्स होम. केअर कम्पेअरवर (नर्सिंग होमना स्टार देणारी सरकारी वेबसाइट) राज्याच्या होमला स्टार चांगले, पण वर्षभरात निम्मा नर्सिंग स्टाफ सोडून गेलेला! प्रत्यक्ष गेलो तर लॉबी चकाचक, आणि जेवायच्या वेळी एकच मदतनीस तिघांना आळीपाळीने भरवतेय. प्रशासक म्हणतात, ‘सगळं सुरळीत आहे.’ म्हणणारच. अशा ठिकाणी कुणी काम केलंय का? एका पेशंटला रोज तीच माणसं मिळतात का, हे त्यांच्या तोंडी उत्तरापलीकडे पडताळायचं कसं?