मटण खाल्लं की उजव्या किडनीच्या जागी दुखतं, मुतखडाच असेल का?

होटगीरोडकर:
वय ३८. दोन महिने झाले एकच त्रास चाललाय, तेलकट-तुपकट खाल्लं की तासाभराने उजव्या बाजूला मागं, बरगडी संपते तिथं, बरोब्बर किडनीच्या जागी दुखायला लागतं. एरवी काही नाही. पहिल्यांदा मामाकडं मटण होतं तेव्हा झालं, रश्श्यावरचा तर्रीचा कट सगळा मीच ओढलेला, रात्री साडेअकराला जे चालू झालं ते अडीचपर्यंत, बसलो तरी तेच आडवं झालो तरी तेच, पोटाला उशी दाबून हॉलमध्ये फेऱ्या मारत होतो. एक उलटी झाली. बायको म्हणाली पित्त झालंय, पित्ताची गोळी दिली, ढिम्म फरक नाही. मग आपोआप थांबलं.
इथल्या एका डॉक्टरांनी मुतखडा म्हणून दुखणं थांबवायचं डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन दिलं, त्यानं बरं वाटलं. एक्सरेत खडा नाही. आई तेव्हापासून रोज कुळथाचं कढण पाजतीय. परवा लांबोटीला चिवडा घ्यायला थांबलो, सोबत गरम भजी खाल्ली, सोलापूर यायच्या आत गाडी बाजूला घ्यावी लागली. लघवीला जळजळ वगैरे काही नाही.

यंत्रमाग_७:
मुतखडा मला झालाय दोनदा. मे महिन्यात कारखान्यात घाम नुसता, पाणी कमी, दुसरं काय होणार. पण माझं दुखणं कमरेतून खाली जांघेपर्यंत उतरायचं, लघवी लाल झालेली. आणि खाण्याशी काही संबंध नव्हता बघा, उपाशीपोटी पहाटे पण उठवायचं. तुमचं वेगळं वाटतंय मला.

सिस्टर_ताई:
सर्जनच्या ओपीडीत खूप वर्षं काम केलंय, म्हणून सांगते, निदान डॉक्टरांनीच करायचं. पण तेलकट खाल्ल्यावर दुखणं, उजवी बाजू, मागं पाठीत जाणं, काही तासांनी थांबणं, हे ऐकलं की आधी पित्ताशयाचा विचार करतात. आपल्याकडं घोळ शब्दाचा होतो. घशाशी आंबट येतं त्याला आपण पित्त म्हणतो, ती ॲसिडिटी. पित्ताशय वेगळं, लिव्हरखालची छोटी पिशवी, लिव्हरने केलेला पित्तरस त्यात साठतो. चरबी आतड्यात आली की पिशवी आवळते, आणि तोंडाशी खडा अडकला की कळ येते. कळ उजव्या खांद्याच्या फऱ्यापर्यंत जाऊ शकते, म्हणून लोकांना किडनीच वाटते. ॲसिडिटीच्या गोळीने ती थांबणार नाही. डायक्लोने बरं वाटलं म्हणजे मुतखडाच असंही नाही, ते दोन्हीला चालतं.
एक्सरेवर विसंबू नका, पित्ताशयाचे बहुतेक खडे त्यात दिसतच नाहीत. पोटाची सोनोग्राफी करा, ६ ते ८ तास उपाशी राहून, कारण खाल्लं की पिशवी रिकामी होते आणि नीट दिसत नाही. किडन्या पण त्यातच दिसतात. सोबत लिव्हरच्या टेस्ट आणि लायपेज (स्वादुपिंडाला सूज आहे का ते बघायची रक्ताची टेस्ट) सांगतील. मध्ये भराभर वजन कमी केलंय का? त्यानेही खडे होतात.
पण थंडी वाजून ताप, डोळे पिवळे, लघवी चहासारखी, किंवा ५-६ तास दुखणं न थांबणं, यातलं एक जरी झालं तरी सोनोग्राफीची तारीख बघत बसू नका, तडक कॅज्युअल्टीला जा.

भाकरीबहाद्दर:
ऑलिव्ह ऑइल आणि लिंबाचा रस रात्री प्या, सकाळी हिरवे खडे पडतात, माझ्या साडूचे पडले.

सिस्टर_ताई:
दादा, ते तेल आणि लिंबाचे पोटात झालेले साबणासारखे गोळे, पाण्यात टाकून बघा तरंगतात. आणि एवढं तेल म्हणजे ह्यांना परत तीच रात्र. कुळीथ पण मुतखड्याला पितात लोक, पिशवीतल्या खड्याला त्याचा उपयोग नाही.

होटगीरोडकर:
सगळ्यांचे आभार. वजनाचं ताईंनी बरोब्बर पकडलं, दिवाळीपासून ३ महिन्यांत १४ किलो उतरवलं होतं, रात्रीचं जेवणच बंद. आज सोनोग्राफी झाली, दोन्ही किडन्या नॉर्मल, पित्ताशयात खडे, मोठा ११ मिमीचा. पित्ताच्या नळीत काही नाही. सर्जन म्हणाले त्रास होतोय तर पिशवी दुर्बिणीनं काढून टाकू, पित्तरस लिव्हर करतंच, तो थेट आतड्यात जातो. पुढच्या आठवड्यात तारीख घेतोय. तोवर तेल बंद. आई शेंगाचटणी बिनतेलाची देतीय, भाकरीवर घेतली की घशात भुस्सा अडकल्यासारखं होतंय, ताक घेऊन ढकलतोय.