पुढच्या काचेवरचा खरखरीत थर ओरखडे न पडता कसा काढावा?

चिखलीकर
वास्कोत, चिखलीला गाडी उघड्यावरच असते. बंदराकडून येणारी काळी धूळ आहेच, शिवाय आवाराला लागून ग्रिल बनवणाऱ्याची शेड. पुढच्या काचेवर बोट फिरवलं की पॉलिश पेपरसारखी खरखर लागते. धुऊन झालं, काचेचा स्प्रे मारून रद्दीने पुसून झालं. काच स्वच्छ दिसते, पण खरखर जात नाही. रात्री समोरून गाडी आली की बारीक ठिपके चमकतात आणि वायपर थडथडतो. एकाने झिरो नंबर पॉलिश पेपर मारायला सांगितलं. मारू का?

तिस्ककर
अजिबात नको. पॉलिश पेपरचे कण काचेपेक्षा खूप कठीण असतात. काच मोह्स मापावर (कठीणपणाचं एक ते दहा माप) साधारण साडेपाच-सहा, तर वाळूतलं क्वार्ट्झ सात. म्हणजे काचेवरची धूळच तिला ओरबाडायला पुरेशी आहे. म्हणून कोरडी रद्दीसुद्धा बंद करा.

सकाळी, काच थंड असताना सावलीत काम करा. आधी पाइपने वरून खाली भरपूर पाणी सोडा, हात न लावता. वायपर उभे करून त्यांच्याखालचा गाळही काढा, सगळ्यात जाड कण तिथेच अडकतात. मग कार शाम्पूच्या पाण्याने मायक्रोफायबरचा हातमोजा फिरवा, दर दोन-तीन फेऱ्यांनी तो स्वच्छ पाण्यात खळबळून.

काच ओली असतानाच हात पातळ प्लॅस्टिक पिशवीत घालून हलकेच फिरवा. बारीक कणही बोटांना कळतो. अजून खरखर लागली तर क्ले बार, म्हणजे काचेला चिकटलेली घाण उचलणारी मऊ, मळता येणारी वडी. फाइन ग्रेडच घ्या, पुढच्या काचेला साधारण ५० ग्रॅम पुरते. एक लिटर पाण्यात चमचाभर (५ मिली) शाम्पू घालून काच सतत ओली ठेवा आणि हातभर जागेत क्ले सरळ रेषेत पुढे-मागे फिरवा. जोर लावायचा नाही. आधी अडकते, मग गुळगुळीत सरकायला लागते, तेव्हा पुढच्या जागेकडे वळा. क्ले काळी झाली की दुमडून नवी बाजू वर आणा. जमिनीवर पडली तर तो तुकडा टाकूनच द्या, त्यात वाळूचा एक कण गेला तरी ओरखडा ठरलेला.

ग्लास_फिटर_मडगाव
वरचं बरोबर आहे, पण या काचेचा खरा गुन्हेगार शेड वाटतो. ग्राइंडरच्या ठिणग्या म्हणजे तापलेले लोखंडाचे कण. काचेवर पडले की ती जागच्या जागी वितळवून रुततात आणि खाऱ्या हवेत गंजतात. ठिपके तपकिरी असले तर तेच समजा. क्ले आणि शाम्पू त्यांना हलवत नाहीत.

त्यांना आयर्न रिमूव्हर (लोखंडाचे कण विरघळवणारा स्प्रे) मारा. तीन-चार मिनिटांत जांभळा ओघळ सुटतो. सुकू देऊ नका, भरपूर पाण्याने धुवा. हातमोजे घाला, वास कुजक्या अंड्यासारखा येतो. दोनदा मारूनही जे ठिपके राहतील ते ब्लेडच्या टोकाने उचकटू नका, कण निघाला तरी खड्डा राहतो आणि रात्री तो खड्डाच चमकतो.

ब्लेड वापरायचंच तर रंगाचे शिंतोडे, फणसाचा चीक यांसाठी. नवं ब्लेड, काच साबणाच्या पाण्याने ओली, तीस अंशांचा कोन, फक्त पुढे ढकला आणि परत आणताना उचला. कडेच्या काळ्या पट्ट्यावर आणि मागच्या काचेच्या आतल्या तारांवर ब्लेड नको.

चिखलीकर
ठिपके तपकिरीच आहेत. वर पांढुरकी साय पण आहे. ती शिर्क्याने निघेल का?

ग्लास_फिटर_मडगाव
पाण्याचे क्षार असतील तर निघेल. पण माडाचा शिर्को नको, तो रंगीत आणि चिकट असतो. दुकानातलं पांढरं व्हिनेगर तितक्याच पाण्यात मिसळा, कापड भिजवून पाच मिनिटं काचेवर ठेवा, धुवा. बॉनेटच्या रंगावर ओघळलं तर लगेच पाणी मारा. बाजारात काही 'वॉटर स्पॉट रिमूव्हर'मध्ये फ्लोराइडचं आम्ल असतं, ते काच खातं आणि कातडीलाही घातक. लेबल वाचा.

दोनापावला_ड्रायव्हर
सेरियम ऑक्साइडने (काच घासून चकचकीत करायची पूड) पॉलिश करून देतो म्हणणारे भेटतील. हलकी धूसरता त्याने जाते, पण नखाला लागणाऱ्या ओरखड्यापुरता एकाच जागी जास्त वेळ पॅड चालवला की काच तिथे किंचित खोलगट होते आणि समोरचं चित्र वाकडं दिसतं. ड्रायव्हरच्या नजरेसमोर हा खेळ नको. अशा काचेला बदलणं स्वस्त पडतं. आरशामागे कॅमेरा असला तर बदलल्यावर त्याचं कॅलिब्रेशन (नेमकी जुळवणी) विसरू नका.

थडथड थांबवायला रबर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. कापडावर काळं येईनासं होईपर्यंत. रबराला चिरा असल्या तर नवंच घाला. वॉशरच्या टाकीत आरओचं चांगलं पाणी चालतं, त्यातलं वाया जाणारं नको, सगळे क्षार त्यातच असतात. आणि तोवर ग्रिलवाल्याला सांगा, ग्राइंडिंगच्या वेळी गाडीच्या बाजूला पत्रा आडवा लावा म्हणून. कापडी कव्हर घालून उपयोग नाही, ठिणगीने भोक पडतं आणि धूळ बसलेल्या काचेवर कव्हर वाऱ्याने घासत राहतं.