पंगतीतली उलटी माणसं आणि दुसरीचा चित्रकलेचा तास

रेघोट्या

माझी लेक दुसरीत आहे. माझ्या माहेरी नुकतीच वास्तुशांत झाली. तिथली पंगत तिने शाळेत 'मी पाहिलेला समारंभ' या विषयाला काढली. कागदाच्या मधोमध वाढप्यांची वाट. वाटेच्या वर एक रांग, त्यातली माणसं सरळ. खाली दुसरी रांग, त्यातली माणसं डोकं खाली, पाय वाटेकडे. पत्रावळी मात्र वरून बघाव्यात तशा पूर्ण गोल. चित्रावर लाल पेनाने शेरा आला: 'माणसे उलटी. पुन्हा काढणे.' फळ्यावर नमुना होता, कलश, तोरण आणि दोन पताका. तिने तो उतरवून काढला आणि 'छान' मिळवलं.

ते पहिलं चित्र मी घरी नीट पाहिलं. प्रत्येक पानावर डावीकडे हिरवी चटणी, उजवीकडे बटाट्याची पिवळी भाजी. उलट्या रांगेतसुद्धा चटणी जेवणाऱ्याच्याच डाव्या हाताला होती. म्हणजे ती रांग काढताना तिने कागद फिरवला होता. त्या बाजूला जाऊन बसून तिने ती माणसं काढली होती. सात वर्षांची मुलगी समोरच्या माणसाचा डावा हात कुठे येतो याचा विचार करते, आणि तिला आपण सांगतो की चुकलं.

बाई चांगल्या आहेत, हे आधीच सांगते. वर्गात ४४ मुलं, आणि मुलांची चित्रं कशी बघायची हे त्यांना कुणी कधी शिकवलेलं नाही. कलाशिक्षणाचे अभ्यासक व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ साली मुलांच्या चित्रांचे टप्पे मांडले. साधारण सात ते नऊ वयात मुलं असं दोन्ही बाजूंना उलगडलेलं चित्र काढतात, हे त्यात स्पष्ट आहे. आपल्याकडे डी. एड.ला हे किती जणांपर्यंत पोचतं?

माझं म्हणणं असं, की पहिली ते चौथी फळ्यावर नमुना काढायचाच नाही. मुलांना बघायला न्या, हाताळायला द्या, मग काढू द्या. उतरवून काढण्याची सवय एकदा लागली की स्वतःच्या डोळ्यावरचा विश्वास जातो. तुम्हाला काय वाटतं?

जुना_कलाशिक्षक

ताई, चटणी-भाजीचं वाचून फार बरं वाटलं. तो शेरा चूक होता. पण पुढचं तुमचं म्हणणं मला पटत नाही.

मी ३१ वर्षं हायस्कुलात पाचवी ते दहावीला चित्रकला शिकवली. पाचवीत येणारी निम्मी मुलं पहिल्याच तासाला म्हणायची, "सर, मला चित्र येत नाही." ही मुलं पहिलीत भिंतीसुद्धा सोडत नव्हती. मग मधे काय झालं? नऊ-दहाव्या वर्षी मुलाला दिसायला लागतं की आपण काढलेली गाय खऱ्या गाईसारखी नाही. त्याला ती तशी हवी असते आणि कशी करायची हे माहीत नसतं. त्या वेळी हातात काही साधन नसेल तर मूल चित्रच सोडून देतं. आणि ते साधन चौथीपर्यंत कुणीतरी द्यायला हवं होतं.

साधन म्हणजे मोठं काही नाही. ब्रश खराट्यासारखा घासायचा नाही, केस एका दिशेला ठेवून ओढायचा. पाणी बदलायचं. मी विचारायचो, तपकिरी रंग कसा होतो? उत्तर यायचं, "तो डबीतच असतो, सर." पाच वर्षं तेलखडूची डबी वापरलेल्या मुलाला दोन रंग एकमेकांवर घासून तिसरा होतो हे ठाऊक नसणं, हे मोकळीक दिल्यामुळेच झालंय.

मोकळं सोडलं की मूल आपलं आपण फुलतं, हेही तितकंसं खरं नाही. व्हिएन्नात फ्रान्झ चिझेक यांनी १८९७ पासून मुलांसाठी असाच मोकळा वर्ग चालवला, जगभरातून लोक बघायला गेले. पण तिथल्या चित्रांवर एकाच वर्गाचा ठसा दिसतो, अशी टीका पुढे झालीच. शिक्षक खोलीत आहे म्हटल्यावर तो काहीतरी शिकवतोच, न बोलताही. त्यापेक्षा काय शिकवतोय ते उघड ठरवून शिकवावं.

पेठेतली_आई

सरांशी सहमत. माझा मुलगा तिसरीपर्यंत पेन्सिल धरायला नाखूष होता. लिहायला त्रास व्हायचा, वर्गात मागे पडायचा. चित्रकलेच्या क्लासला घातलं. तिथे पुस्तकातलं बघून काढतात, अगदी रेघ न् रेघ. सहा महिन्यांत त्याचा हात स्थिर झाला. पहिल्यांदा कुणीतरी त्याला "जमलं तुला" म्हणालं, ते तिथे. ते चित्र त्याच्या कल्पनेतलं नव्हतं हे मला कळतं. पण अक्षरसुद्धा आपण गिरवूनच शिकलो ना? 'अ' कुणी स्वतःच्या मनाने काढू दिला होता का? गाणं शिकताना आधी गुरूचा सूर उचलतात. मग चित्राच्याच बाबतीत उतरवणं इतकं वाईट का?

पुढे चित्रकलेच्या शासकीय इंटरमिजिएट ग्रेड परीक्षेचे दहावीला वाढीव गुण मिळतात, ए श्रेणीला ७, बीला ५, सीला ३. लोक याला नावं ठेवतात. पण त्या गुणांमुळे कितीतरी घरांत मुलाच्या हातात ब्रश राहिला, हेही खरं आहे.

दोनशिक्षकी

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. पहिली ते चौथी, पट १९, आम्ही दोघं शिक्षक. प्रत्येकाकडे दोन वर्ग. म्हणजे मी तिसरीला भागाकार शिकवतो तेव्हा चौथी 'चित्र काढा' वर असते. ही माझ्या शाळेतली चित्रकला. लाज वाटते, पण तशी आहे.

शिक्षण हक्क कायदा उघडून बघा. कलेसाठी अंशकालीन निदेशक, म्हणजे अर्धवेळ शिक्षक, सहावी ते आठवीला, तोही पट शंभरच्या वर असेल तर. पहिली ते पाचवीसाठी काही नाही. तेव्हा 'कलाशिक्षकाने काय करावं' हा प्रश्न माझ्या शाळेपर्यंत पोचतच नाही.

आता कटू वाटेल ते बोलतो. मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या 'असर' पाहणीत २०२२ साली ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी जेमतेम ४३ टक्क्यांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता आला. केंद्र सरकारच्या निपुण भारत मोहिमेचं उद्दिष्ट तिसरीपर्यंत वाचन आणि अंकज्ञान. माझ्या तिसरीत दोन मुली अजून जोडाक्षरावर अडतात. त्यांच्या आया ऊसतोडीला जातात, सहा महिने मुली नसतातच. उरलेल्या दिवसांत मी चित्रकलेचा तास वाचनाला घेतो आणि त्याबद्दल मला अपराधी वाटत नाही. चित्र न आलेलं मूल आयुष्यात अडत नाही, ताई. वाचन न आलेलं अडतं.

कलेचं मूल्यमापन सगळं आकारिक, म्हणजे लेखी परीक्षा नाही, वर्षभर मुलाचं काम बघून करायचं. वर्षाअखेर नोंदवहीत वर्णनात्मक नोंदी लिहायच्या: 'चित्रे सुबक काढतो', 'रंगसंगतीची जाण आहे'. तयार नोंदींच्या पुस्तिका मिळतात, त्यातून लिहितो. तो मुलगा प्रत्यक्षात काय काढतो हे बघायला वेळ नव्हता, हे मी इथे कबूल करतो.

रेघोट्या

दादा, इतकं सरळ लिहिलंत त्याबद्दल आदर आहे. तुमच्या दोन मुलींना वाचायला येणं पहिलं, यावर माझा वाद नाही. पण वाचन आणि चित्र यांना तुम्ही एकमेकांसमोर उभं केलंत, ते मला खटकतं. गांधीजींची नई तालीम, हातकामातून शिकवण्याची पद्धत, तुमच्या-आमच्या वर्ध्यातलीच. १९३७ च्या परिषदेनंतर सेवाग्रामला शाळा उभी राहिली, पुढे शांतिनिकेतनात शिकलेले देवी प्रसाद तिथे कलाशिक्षक झाले. त्या शाळेत गरिबी काही कमी नव्हती. तिथे चित्र हा उरलेल्या वेळेचा विषय नव्हता, शेती, सूतकताई, भाषा यांच्याबरोबरचा होता. सहा महिने बाहेर राहून आलेल्या मुलीकडे फडावरचं अख्खं जग असतं. ते तिने काढलं आणि त्याखालचे शब्द तुम्ही लिहिलेत, तर ती जोडाक्षरं तिची स्वतःची होतील. 'कोयता', 'मोळी' तिला आधीच माहीत आहेत, 'ट्रॅक्टर'मधलं जोडाक्षर ती रोज बघून आलीय.

पेठेतल्या ताई, तुमच्या मुलाला त्या क्लासने जे दिलं ते मी नाकारणार नाही. फक्त गिरवण्यात आणि माझ्या मुद्द्यात एक फरक आहे. 'अ' सगळ्यांचा सारखाच असावा लागतो, तरच तो वाचता येतो. पंगत सगळ्यांची सारखी कशाला?

कंदीलवाली

तुम्ही सगळे चित्रावरच बोलताय. मी वेष्टनांची डिझाइनर आहे. कुणी विचारलं की डिझाइन कुठे शिकलीस, तर मनात पहिलं उत्तर येतं, वाड्याच्या अंगणात दिवाळीच्या किल्ल्यावर.

आठवून बघा. विटा आणि दगड रचायचे, वर भिजवलेली पोती, त्यावर चिखल. चिखल फार पातळ झाला तर घसरतो, फार घट्ट झाला तर तडकतो. हळीव पेरायचे तर दिवाळीच्या चार-पाच दिवस आधी, नाहीतर हिरवळ येत नाही. मावळे कुंभाराकडून आणलेले, एकेक बोटभर. पायऱ्या त्यांच्या मापाच्या हव्यात, नाहीतर मावळा चढणार कसा? आमचा बुरूज दुसऱ्याच दिवशी ढासळला, कारण आम्ही पाणी जायला वाट ठेवली नव्हती. हे मला कुणी शिकवलं नाही आणि मी आजवर विसरले नाही. माप, साहित्य, क्रम, वापरणारा कोण, मोडलं तर का मोडलं. डिझाइन म्हणजे याहून वेगळं काय असतं?

शाळेत मात्र कार्यानुभवाला कंदील करायचा तर कापलेला घोटीव कागद पाकिटातून येतो, खुणांवर घडी घालायची की झाला. मला वाटतं पहिली-चौथीत चित्रापेक्षा करणं जास्त हवं. कामट्या, खळ, पतंगाचा कागद द्या आणि सांगा, वाऱ्यात टिकला पाहिजे. बाकी मुलं बघतील.

पालघरची_ताई

कंदीलवाली, मनापासून सहमत. आणि उतरवण्याबद्दल मलाही बोलायचंय.

शहरातल्या शाळांत हल्ली 'वारली' काढायला लावतात. त्रिकोणावर उलटा त्रिकोण, वर टिंब, झाला माणूस. मी वारली पाड्यावर शिकवते. इथे लग्नाचा चौक सवाशिणी तांदळाच्या पिठाने भिंतीवर लिहितात. हो, लिहितात असंच म्हणतात. मधे पालघाट देवी. पोरी शेजारी बसून बघतात, कोपऱ्यात हात चालवतात, कुणी त्यांचा हात धरत नाही. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांनी विधीच्या बाहेर, रोजच्या रोज चित्रं काढायला सुरुवात केली. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. त्यांनी चितारलेल्या कोळ्याच्या जाळ्यातला एकेक मासा बघा, दोन सारखे सापडणार नाहीत.

म्हणून सरांचंही बरोबर आहे आणि धागाकर्तीचंही, असं म्हणून मी मोकळी होणार नाही. माझ्या मते उतरवून शिकता येतं, पण ज्याने ते काढलं तो शेजारी बसलेला असला तर. पुस्तकातून उतरवलेला त्रिकोण मुलाला काहीच सांगत नाही. आणि पंगतीबद्दल सांगायचं तर तारपा या फुंकून वाजवायच्या वाद्यावरच्या नाचाचं चित्र बघा. नाचणारे वळसा घेत जातात, काही सरळ, काही आडवे, काही डोकं खाली. आमच्याकडे कुणी त्यांना उलटं म्हणत नाही.

दोनशिक्षकी

चार दिवसांनी परत लिहितोय. गुरुवारी दुपारच्या खिचडीनंतर मुलांना सांगितलं, आत्ता आपण कसे बसलो होतो ते काढा. वेगळा तास घेतला नाही, वीस मिनिटं दिली. आमच्याकडेही व्हरांड्यात समोरासमोर दोन रांगा असतात.

१९ पैकी १७ मुलं हजर होती. दहा चित्रांत एक रांग उलटी. तीन मुलांनी दोन्ही रांगा एकाखाली एक काढल्या, दोन्ही सरळ. पहिलीच्या तिघांनी फक्त स्वतःचं ताट काढलं, त्यात शिते मोजता येतील इतकी. जोडाक्षरावर अडणाऱ्या दोघींपैकी एकीने खिचडीचं पातेलं आडवं कापल्यासारखं आतून दाखवलंय, तळाला करपलेला थर काळा केलाय. तिला विचारून मी खाली 'करपलेली खिचडी' लिहिलं. तिने ते वाचलं. पाठ म्हणून वाचलं की खरंच वाचलं ते अजून सांगता येणार नाही, आणि एका दिवसावरून मी माझं मत बदललंय असंही नाही. तास अजून वाचनालाच जातोय.

एक गोष्ट मात्र विचारायची आहे. चौथीतल्या एका मुलीने उलटी रांग काढली, मग खोडली, परत काढली, परत खोडली. शेवटी कागद फाटला. म्हणाली, "गुरुजी, अशी नसतात पण दुसरी जमत नाहीत." तिला काय सांगू?

जुना_कलाशिक्षक

हीच ती मुलगी, जिच्याबद्दल मी पहिल्या प्रतिसादात बोलत होतो. तिला नमुना देऊ नका, तुम्ही काढूनही दाखवू नका. इथे मी रेघोट्या ताईंच्या बाजूला येतो.

उद्या खिचडीच्या वेळी तिला तिच्या जागेवरच बसू द्या, हातात ताटाऐवजी पाटी. समोरच्या रांगेतल्या एकाच मुलाकडे बघायला सांगा. त्याचं ताट तिला गोल दिसतं की चपटं? त्याचे गुडघे ताटाच्या वर येतात की मागे? त्याचं पोट दिसतं का, की ताटाने झाकलंय? नुसतं विचारा, उत्तर तिला देऊ द्या. मग तेवढं एकच मूल पाटीवर काढू द्या, रांग नको. पाटी अशासाठी की पुसलं तरी फाटत नाही. चपटं ताट जमलं की ती आपणहून दुसरं मूल काढायला घेईल.

आणि तो फाटलेला कागद टाकू नका. मागून पट्टी चिकटवून तिच्या नोंदवहीत ठेवा.