खासगी संस्थेतील १४ लाखांचे पीजीडीएम घ्यावे, की सीईटीच्या निकालासाठी थांबावे?

प्रश्न : सांगलीची वाणिज्य पदवीधर

नमस्कार. मी मूळची सांगलीची. बी.कॉम. झाल्यावर गेली दोन वर्षे पुण्यात एका करसल्लागारांच्या कार्यालयात जीएसटीची विवरणपत्रे भरण्याचे काम करते. यंदा कॅट (व्यवस्थापन संस्थांची देशपातळीवरील प्रवेश परीक्षा) आणि राज्याची एमबीए-सीईटी अशा दोन्ही परीक्षा दिल्या. कॅटमध्ये ७८ पर्सेंटाइल मिळाले आणि त्या आधारावर पुण्याजवळच्या एका खासगी संस्थेने गटचर्चा व मुलाखत घेऊन पीजीडीएमसाठी, म्हणजे व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर पदविकेसाठी, माझी निवड झाल्याचे कळवले आहे. शिक्षणशुल्क, वसतिगृह आणि खाणावळ धरून दोन वर्षांचा खर्च १४ लाख रुपये होतो. त्यांपैकी २ लाख माझ्या बचतीतून उभे राहतील, बाकीचे कर्ज. जागा निश्चित करण्यासाठी आठ दिवसांत ५० हजार भरायचे आहेत आणि सीईटीचा निकाल अजून लागायचा आहे. वडिलांचे किराणा दुकान आहे, घरचे वार्षिक उत्पन्न सुमारे ४ लाख. आम्ही इतर मागास प्रवर्गात मोडतो. पीजीडीएम हे एमबीएच्या बरोबरीचे धरतात का, पैसे भरून नंतर प्रवेश रद्द केला तर ते परत मिळतात का, आणि माझ्यासारख्या मराठी माध्यमातून आलेल्या मुलीला तिथले दैनंदिन जीवन कितपत झेपेल, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १ : मनुष्यबळ विभागातील एक माजी विद्यार्थी

एमबीए किंवा मुंबई विद्यापीठाची एमएमएस ही विद्यापीठाची पदवी आहे, तर पीजीडीएम ही स्वायत्त संस्थेने अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या मान्यतेने दिलेली पदविका आहे. खासगी नोकरीत हा फरक कोणी विचारत नाही. मी स्वतः भरती करतो, मलाही तो विचारावासा वाटलेला नाही. पीएच.डी. किंवा सरकारी पदाचा विचार असेल, तर मात्र त्या पदविकेला भारतीय विद्यापीठ संघाची समकक्षता आहे का, हे आधी पाहावे. परिषदेची मान्यता ठरावीक मुदतीची असते, म्हणून संस्थेच्या माहितीपत्रकावर न विसंबता परिषदेच्या संकेतस्थळावर चालू वर्षाचे नाव शोधावे.

वर्ग सुरू होण्यापूर्वी प्रवेश रद्द केल्यास प्रक्रियेपोटी जास्तीत जास्त १,००० रुपये कापून बाकीची रक्कम परत करावी आणि मूळ कागदपत्रे अडवून ठेवू नयेत, असा परिषदेचा नियम आहे. नियम असला तरी परतावा मिळवण्यासाठी महिनोन्महिने खेटे घालणारी मुले मी पाहिली आहेत. त्यामुळे पैसे भरण्याआधी परताव्याच्या अटी ईमेलवर लेखी मागवा.

खरी गोम प्लेसमेंटच्या आकड्यांत असते. जाहिरातीत झळकणारे ‘सर्वोच्च पॅकेज’ एका विद्यार्थ्याचे असते, आणि दोन-चार मोठ्या पगारांमुळे ‘सरासरी’ही फुगते; म्हणून मध्यक पगार विचारावा, म्हणजे निम्म्या वर्गाला ज्याच्यापेक्षा कमी मिळाले तो आकडा. पुढचा प्रश्न छेदाचा. ‘१०० टक्के प्लेसमेंट’ ही संपूर्ण वर्गाची आहे, की प्लेसमेंट समितीकडे नोंदणी केलेल्या आणि उपस्थिती व गुणांच्या अटींत बसलेल्याच विद्यार्थ्यांची? सीटीसीमध्ये, म्हणजे कंपनीला तुमच्यावर होणाऱ्या एकूण वार्षिक खर्चात, कामगिरीवर अवलंबून असलेली रक्कम, एकदाच मिळणारा रुजू होण्याचा बोनस आणि ग्रॅच्युइटी असे सगळेच मिसळलेले असते. संस्था एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या क्रमवारीत भाग घेत असेल, तर तिने तिथे कळवलेला मध्यक पगार आणि नोकरी लागलेल्यांची संख्या कोणालाही पाहता येते. तो तक्ता आणि माहितीपत्रक शेजारी ठेवून वाचा, करमणूकही होते.

उत्तर २ : निवृत्त बँक अधिकारी

मी फक्त हिशेब मांडतो. १२ लाखांचे कर्ज दोन वर्षांत समान भागांत उचलले, व्याजदर १०.५ टक्के धरला आणि शिक्षणाची दोन वर्षे व पुढचे एक वर्ष हप्ता भरला नाही, तर तेवढ्या काळात सुमारे ३ लाख १५ हजार रुपये सरळव्याज साचते. ते मुद्दलात मिळवून दहा वर्षांत फेडायचे ठरवले, तर महिन्याचा हप्ता साधारण २०,४०० रुपये पडतो. वर सांगितलेला मध्यक पगार हातात किती पडतो, ते काढून त्यातून हा हप्ता, पुण्या-मुंबईतील घरभाडे आणि जेवण वजा करून पाहा. शिवाय साडेसात लाखांपेक्षा मोठ्या कर्जाला बँका सहसा तारण मागतात. म्हणजे वडिलांचे दुकान किंवा घर गहाण पडेल, याचा विचार घरी आधीच व्हायला हवा.

त्याहून महत्त्वाची गोष्ट तुमच्या प्रश्नातच दडलेली आहे. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास प्रवर्ग आणि इतर मागास प्रवर्ग यांतील ज्या मुलींच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत आहे, त्यांना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क २०२४-२५ पासून राज्य शासनाने पूर्ण माफ केले आहे. अट अशी, की प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून झालेला हवा. संस्थास्तरावरील किंवा व्यवस्थापन कोट्यातील जागेला आणि अभिमत विद्यापीठांना हा लाभ नाही. खासगी विनाअनुदानित महाविद्यालय असले, तरी कॅपमधून गेलात तर चालते. त्यामुळे तुमच्यापुढे १४ लाखांच्या विरुद्ध थोड्या कमी लाखांचा पर्याय नाही. मुख्यतः राहण्या-जेवण्याच्या खर्चाचा आहे.

उत्तर ३ : द्वितीय वर्षाची विद्यार्थिनी

मीही बी.कॉम., तीही जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेली. पहिल्या सत्रात दमछाक होते, यात शंका नाही. सकाळी नऊला तास सुरू होतात, न सांगता चाचण्या होतात, आणि गटाने करायच्या सादरीकरणाची मुदत बहुधा रात्री ११ वाजून ५९ मिनिटांची असल्यामुळे वसतिगृहाला झोप लागते ती दोननंतर. पाच जणांच्या गटात काम दोघेच करतात. हे भांडण दोन वर्षे पुरते. वर्ग रुळतो न रुळतो तोच उन्हाळी इंटर्नशिपसाठी कंपन्या येऊ लागतात, आणि पुढे त्याच कंपनीकडून नोकरीचा प्रस्ताव मिळू शकत असल्याने त्या मुलाखती फार मनावर घेतल्या जातात.

इंग्रजीची भीती मला तीन महिने होती. अभियंत्यांचा घोळका गटचर्चेत तावातावाने बोलायचा आणि मी गप्प बसायचे. ताळेबंद वाचण्याची वेळ आली, तेव्हा तेच माझ्या खोलीचे दार वाजवू लागले. तुम्ही दोन वर्षे जीएसटीचे काम केले आहे. खरेदी-विक्रीच्या नोंदी जुळत नाहीत तेव्हा व्यापारी काय काय सांगतो, हे तुम्ही ऐकलेले आहे. मुलाखतीत त्यावरच बोला. आणि एक ब्लेझर आधीच शिवून घ्या, आयत्या वेळी फार महाग पडतो.

प्रश्नकर्तीकडून

सर्वांचे मनापासून आभार. संस्थेला ईमेलने दोन गोष्टी विचारल्या होत्या : परताव्याच्या अटी, आणि गेल्या वर्षीच्या संपूर्ण वर्गाचा मध्यक पगार. लेखी उत्तर आले नाही. फोन मात्र तीन वेळा आला आणि प्रत्येक वेळी ‘जागा थोड्याच उरल्या आहेत’ एवढेच सांगण्यात आले. त्यामुळे ५० हजार भरलेले नाहीत. कॅपच्या तयारीसाठी कागदपत्रे काढली, तेव्हा माझ्या नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्राची (मागास प्रवर्गाच्या सवलतींसाठी कुटुंब उन्नत गटात मोडत नसल्याचा दाखला) मुदत ३१ मार्चलाच संपल्याचे लक्षात आले. वडील आज दुकान अर्धा दिवस बंद ठेवून सेतू केंद्रात गेले आहेत.