मदत हवी आहे: घरी स्मोक केलेला बांगडा कडू का होतोय?

कोथरूडचा_कोळसा
बांगडा हॉट स्मोक करतोय, म्हणजे गरम धुरात शिजवतोय. दर वेळी कडू होतो, खाल्ल्यावर जीभ चरचरते आणि मासातून पांढरे चिकट गोळे बाहेर येतात. मीठपाणी बरोबर आहे, ते सोडून बोला. रविवारी मुरूडला बोटीवर न्यायचाय. लाकूड बदलू की वेळ कमी करू? लवकर सांगा.

धूरकरी
लाकूड कोणतं? भट्टी कसली? तापमान झाकणावरचं की माशातलं? झडपा उघड्या की बंद? मासा ताजा की फ्रोझन? यातलं काहीच लिहिलेलं नाही.

सुकटवाली
बोटीवर न्यायचाय तर धूर हवाच कशाला? सुका बांगडा न्या. पाठीतून फाडायचा, कल्ले काढायचे, माशाच्या वजनाच्या एक तृतीयांश जाडं मीठ चोळून रात्रभर वजनाखाली ठेवायचा. सुटलेलं पाणी फेकून द्यायचं आणि कडकडीत होईपर्यंत उन्हात वाळवायचा. बर्फाची कटकट नाही.

कोथरूडचा_कोळसा
सुका नकोय. केटल बार्बेक्यू (झाकणाची गोल शेगडी) आहे, कोळशावर. सुताराकडचा भुसा भिजवून टाकतो. वरच्या मजल्यावरचे ओरडतात म्हणून झडपा बंद. झाकणावरचा काटा १३० दाखवतो. मासा फ्रोझन, रात्रभर ओट्यावर ठेवून सोडवला. त्याचा काय संबंध?

धूरकरी
आता बोलता येईल. कडूपणा भुशाचा आणि झडपांचा. ओला भुसा आधी वाफ सोडतो, मग हवेअभावी धुमसत जळतो. तो पांढरा दाट धूर माशावर डांबरासारखा बसतो. शिवाय सुताराच्या भुशात प्लायवूडचा गोंद असू शकतो. आंब्याच्या वाळलेल्या लाकडाच्या अंगठ्याएवढ्या ढलप्या घ्या, भिजवू नका. वरची झडप पूर्ण उघडी, आच खालच्या झडपेने सांभाळा. धूर पातळ, निळसर दिसला की मगच मासा आत. पातळ धुराचा शेजाऱ्यांनाही कमी त्रास.

पांढरे गोळे म्हणजे माशाचं प्रथिन. आच एकदम वाढली की मास आवळतं आणि ते बाहेर ढकललं जातं. मीठपाण्यातून काढलेला मासा धुऊन, टिपून, जाळीवर पंख्याखाली वाळवा. बोट लावलं तर चिकटलं पाहिजे, ओलं होता कामा नये. सध्याच्या कोरड्या थंडीत तासा-दीड तासात होतं. पावसाळ्यात हवाच ओली, तेव्हा फ्रिजमध्ये रात्रभर उघडा ठेवावा लागतो. कोळसा एका बाजूला, मासा दुसऱ्या. पहिला तासभर ६०-६५, मग ९०-१०० पर्यंत चढवा.

आणि मिठाचं प्रमाण लिहा. वाटीने मोजत असाल तर जाडं आणि बारीक मीठ एका वाटीत सारखं भरत नाही. १ लिटर पाण्याला ८० ग्रॅम मीठ, ४० ग्रॅम गूळ. फाडलेला मध्यम बांगडा २ तास, फ्रिजमध्ये.

खारा_वारा
एवढी आच हवी कशाला? कोल्ड स्मोक करा. ३० अंशांखाली, आठ-दहा तास. पोत लोण्यासारखा येतो, गोळ्यांचा प्रश्नच नाही.

धूरकरी
केटलमध्ये कोळशावर ३० अंश राखता येत नाहीत. शिवाय कोल्ड स्मोकमध्ये मासा शिजत नाही, जंत मरायला आधी -२० ला ७ दिवस गोठवावा लागतो. घरचा फ्रीजर बहुतेकदा -१८ पर्यंतच जातो. नवख्याला हा सल्ला देऊ नका.

खारा_वारा
वेगळी धूरपेटी केली की जमतं. हॉट स्मोक म्हणजे शेवटी भाजलेला बांगडाच.

प्रयोगशाळा
तुमचं भांडण चालू दे, पण ‘जीभ चरचरते’ हे कोणीच धरलं नाही. बांगडा, टूना, तारली उबेत राहिले की त्यांच्यात हिस्टामिन नावाचं विषारी द्रव्य तयार होतं. जिभेला मिरीसारखी चरचर हे त्याचं लक्षण, मागोमाग चेहरा लाल होणं, डोकेदुखी. ते धुराने, शिजवून किंवा गोठवून जात नाही. रात्रभर ओट्यावर सोडवलेला मासा म्हणजे त्याला मोकळं रान. उरलेला टाकून द्या, मांजरालाही घालू नका. पुढच्या वेळी फ्रिजमध्येच सोडवा.

डोलकाठी
मुरूडला कोणती बोट? आउटबोर्ड (मागे बाहेरून लावलेलं इंजिन) असेल तर इंधनाचे तीन भाग धरा: जायला एक, यायला एक, शिल्लक एक. लाइफ जॅकेट प्रत्येकाच्या मापाचं, अंगावर. दुपारी वारा चढतो, परतायची वेळ आधी ठरवा.

कोथरूडचा_कोळसा
बोटीचं विचारलेलं नाही. चरचरीचं लक्षात आलं, उरलेला टाकतो. मासा शिजला कसं ओळखू? आणि व्हॅक्यूम पॅक केला तर बर्फाशिवाय चालेल ना?

प्रयोगशाळा
नाही. व्हॅक्यूमने हवा जाते, बॉट्युलिझमचा (जीवघेण्या अन्नविषबाधेचा) जंतू जात नाही. त्याला बिनहवेचीच जागा लागते, त्याचा एक प्रकार तर साध्या फ्रिजच्या ४-५ अंशांतही वाढतो. साध्या कागदात गुंडाळा, डब्यात घाला, डबा बर्फात. मुरूड ताम्हिणीमार्गे चार-पाच तास, वर बोटीवरचा वेळ. १ किलो माशाला किमान १ किलो बर्फ.

शिजल्याची खूण रंगात नाही. काट्याचा थर्मामीटर सर्वांत जाड भागात घाला, ६३ अंश झाल्यावर अर्धा तास तिथेच किंवा वर राहू द्या. आधी काटा तपासा: बर्फाच्या पाण्यात ०, उकळत्या पाण्यात ९८. पुणे उंचावर आहे, इथे १०० दिसले तर काटाच चुकतोय.

सुकटवाली
म्हणूनच म्हणत होते, सुका न्या.