हिरवे केस: आधी पाणी बघा

रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या किनाऱ्यावरचं पाणी भरल्यापासून समुद्री मत्स्यालयाच्या टाकीत हिरव्या केसांसारखं शेवाळ माजलंय, अल्गीसाइड (शेवाळ मारायचं औषध) घालू का, असं विचारलंत. दादा, नका घालू. शेवाळ मरून टाकीतच कुजलं की त्यातलं नायट्रेट-फॉस्फेट, म्हणजे शेवाळाचं खाद्यच, परत पाण्यात.

भाट्याला काजळी नदी मिळते. पावसाळ्यात तिथलं पाणी मचूळ आणि गढूळ, वर शेतातलं खत. क्षारता हजारी ३५ च्या आसपास हवी, ती या दिवसांत तिथे कुठून मिळणार? आरओच्या (फिल्टरने क्षार काढलेल्या) पाण्यात मरीन सॉल्ट, म्हणजे मत्स्यालयासाठीचं समुद्री मीठ, कालवा. आटलेल्या पाण्याची भर नुसत्या आरओनेच. विहिरीचं नको, कितीही गोड असलं तरी.

शेवाळ जुन्या टूथब्रशला पीळ देऊन गुंडाळायचं आणि उपटायचं. सायफनची नळी शेजारीच धरा, तुटलेले तुकडे दुसरीकडे जाऊन रुजतात. फ्रोझन कोळंबी घालत असाल तर वितळलेलं पाणी आधी ओतून द्या, फॉस्फेट त्यातूनही येतं. दिवा आठ तास पुरे.

तुम्ही पाठवलेल्या फोटोत डाव्या कोपऱ्यात वाळूवर लालसर मखमली थर दिसतोय, तो मात्र शेवाळाचा नाही, सायनोबॅक्टेरिया नावाच्या जिवाणूंचा वाटतो. तो सायफनने ओढून घ्या आणि पॉवरहेडचं (टाकीत प्रवाह करणाऱ्या पंपाचं) तोंड तिकडे वळवा.