मदत हवी: शिफ्टच्या नोकरीत स्वतःचं शास्त्रवाचन कसं टिकवायचं?

नगरी_पाव्हणा

सर्वांना प्रभूच्या नावात सलाम. मी मूळचा नगरचा, सध्या चाकणला एका कंपनीत. तीन पाळ्या, दर आठवड्याला बदलणाऱ्या. गावाकडे संध्याकाळी कौटुंबिक प्रार्थना असायची. आजी पवित्र शास्त्र उघडून द्यायची, आम्ही पोरं आळीपाळीने वचनं वाचायचो, मग एक गीत, प्रभूची प्रार्थना आणि जेवण. त्यामुळे वाचन नवीन नाही, एकट्याने वाचणं नवीन आहे. खोलीवर आम्ही तिघं. बाकीचे दोघं ख्रिस्ती नाहीत, स्वभावाने फार चांगले, पण एकाला झोप हवी असते तेव्हा दुसऱ्याची क्रिकेटची मॅच चालू असते.

जानेवारीत आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) वर्षभरात बायबल वाचून काढायचा तक्ता वाटतात. रोज तीन-चार अध्याय. उत्पत्ती सुसाट जातं, निर्गममध्ये तांबडा समुद्र ओलांडेपर्यंतही छान. मग निवासमंडपाच्या फळ्या, पडदे, आकडे, हातांची मापं. पुढे लेवीय या पुस्तकात होमार्पण, अन्नार्पण, शांत्यर्पण अशा अर्पणांचे नियम. नेमकी तेव्हाच रात्रपाळी लागते, दोन दिवस हुकतात, सहा-सात अध्याय थकतात आणि तक्त्याकडे बघायचीच इच्छा होत नाही.

पाळकसाहेब म्हणतात, ‘नुसतं वाचू नको, मनन कर.’ पण मनन म्हणजे बसून नक्की करायचं काय? सुरुवात कुठून करू? रोजची वेळच ठरलेली नसेल तर सवय लागते का? आणि कृपा करून ‘प्रार्थना कर, सगळं होईल’ एवढंच लिहू नका. प्रार्थना करतोच आहे.

संडेस्कूलच्या_बाई

बाळा, आधी तक्त्याचा हिशेब बघ. आपल्या बायबलात ६६ पुस्तकं, १,१८९ अध्याय. ३६५ ने भागलं तर रोजचे तीनहून थोडे जास्त येतात, तेही एक दिवस न चुकता. ज्याचा दिवस रोज सारखा उगवतो त्याच्यासाठी हे ठीक. तू तक्त्यावरच्या तारखा खोडून टाक. काय वाचून झालं त्यावर खूण कर, कधी वाचलं ते कोणी विचारत नाही.

सुरुवात मार्कपासून कर. १६ अध्याय, येशूचं जीवन सांगणाऱ्या चारही शुभवर्तमानांत सर्वांत लहान. सुट्टीच्या दिवशी एका बैठकीत पूर्ण वाच, दीड तास पुरे होतो. त्यानंतर रोज एकच प्रसंग घे, अध्यायही नको.

आता मननाबद्दल. उदाहरणादाखल चौथ्या अध्यायाचा शेवट घे, वादळाचा. ३५ ते ४१, सातच वचनं. दोनदा वाच, दुसऱ्यांदा हळू. मग वही घेऊन फक्त जे दिसतं ते लिही, अर्थ लावायला जाऊ नको. संध्याकाळ झालेली आहे. येशू दिवसभर शिकवून दमलेला, वरामावर, म्हणजे मचव्याच्या मागच्या भागात, उशी घेऊन झोपलाय. उशी! इतक्या धावपळीच्या गोष्टीत मार्कला उशी सांगाविशी वाटली. बरोबर दुसरेही मचवे होते असं ३६ व्या वचनात आहे, त्यांचं पुढे काय झालं ते मार्क सांगत नाही. वारा पडला, सगळं निवांत झालं, आणि शिष्य तेव्हा अतिशय घाबरले. वादळ थांबल्यावर! का? हा प्रश्न वहीत लिही आणि कामावर जा. दिवसभर तो डोक्यात घोळत राहील. पाळकसाहेब मनन म्हणतात ते हेच.

संडेस्कूलला मी पोरांना हेच करायला लावायची. मोठी माणसं थेट ‘यातून मला बोध काय’ वर उडी मारतात, त्यामुळे त्यांना प्रत्येक उताऱ्यातून तोच बोध मिळतो.

वसईचा_पाववाला

नमस्कार भाऊ. आम्ही कॅथलिक, आमच्याकडे पुस्तकं ७३, अडचण मात्र तीच. मी मिस्साची (चर्चमधल्या उपासनेची) रोजची वाचनं धरतो. आठवड्याच्या दिवशी एक वाचन, एक स्तोत्र, एक शुभवर्तमानाचा उतारा. रविवारची वाचनं तीन वर्षांच्या फेऱ्याने येतात: एका वर्षी मत्तय, एका वर्षी मार्क, एका वर्षी लूक, आणि योहान बराचसा पास्काच्या (ईस्टरच्या) काळात. मोठा फायदा असा की दिवस हुकला तर काही थकत नाही. कालचं काल गेलं, आजचं समोर आहे. आणि त्या दिवशी चर्चमध्ये तेच वाचलेलं असतं, त्यामुळे खोलीवर एकटा असलो तरी एकटं वाटत नाही.

बाईंनी सांगितलं त्याच्याशी जुळणारी एक जुनी मठातली रीत आहे. बाराव्या शतकात गिगो नावाच्या संन्याशाने तिच्या चार पायऱ्या मांडल्या: वाचन, मनन, प्रार्थना, आणि शेवटी काही न बोलता देवासमोर बसणं. चौथी पायरी तिघांच्या खोलीत अवघड आहे, मान्य. मी ती भट्टी तापेपर्यंत उरकतो.

मिरजेची_सिस्टर

दादा, मी नर्स आहे, नाइट ड्युटीचं मला सांगू नका. 🙂

घड्याळाची वेळ ठरवू नका, ती पुढच्या आठवड्यात मोडणारच. जे काम तिन्ही पाळ्यांत होतं त्याच्या मागे वाचन लावा. माझं असं आहे: ड्युटीवरून आले, हातपाय धुतले, चहा ठेवला की वाचायचं, मग सकाळ असो की रात्रीचे अकरा. मोबाइल चहा पिऊन झाल्यावर. बायबल कागदाचंच ठेवा, अॅप उघडलं की वर व्हॉट्सअॅपची नोटिफिकेशनं येतात आणि संपलं. अॅप कंपनीच्या बसमध्ये वापरा, मराठी ऑडिओ मिळतो. कानात घालून ऐकायचं, ते वाचनात धरायचं की नाही यावर वाद घालू नका. पूर्वी मंडळ्यांत बहुतेकांनी ऐकलंच होतं, प्रत्येकाच्या हाती पुस्तक कुठे होतं?

रात्रपाळीच्या आठवड्यात मी फक्त स्तोत्रं वाचते. ११९ वं स्तोत्र १७६ वचनांचं आहे म्हणून लोक टाळतात, पण त्याचे आठ-आठ वचनांचे २२ भाग आहेत. एका दिवशी एक भाग, बास. आणि १३४ वं नक्की वाचा. तीनच वचनं, रात्री परमेश्वराच्या मंदिरात सेवेला उभं राहणाऱ्यांसाठी. आपल्यासारख्या नाइटवाल्यांचंच म्हणा ना.

जुना_करार_प्रेमी

सगळ्यांचं पटलं, पण लेवीयाला एवढं बदनाम करू नका. तो सलग वाचायचा ग्रंथ नाही, जोडीने वाचायचा आहे. १६ वा अध्याय, प्रायश्चित्ताचा दिवस, नव्या करारातल्या इब्री लोकांस पत्राच्या ९ व्या अध्यायासोबत वाचा. १९ व्या अध्यायात शेताच्या कडेचं पीक कापू नका, सरवा, म्हणजे कापणीनंतर शेतात राहिलेली कणसं, वेचू नका, गरिबासाठी राहू द्या असा नियम आहे. तो वाचून लगेच रूथचा दुसरा अध्याय काढा. रूथ बवाजाच्या शेतात वेचते आहे तो हाच सरवा. नगरच्या माणसाला सरवा काय ते समजावून सांगायची गरज नाही. आणि ‘शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर’ हेही त्याच अध्यायात, १८ व्या वचनात आहे. तक्ता सोडून दिला तर तिथपर्यंत कोणी पोहोचतच नाही, माझं दुखणं तेवढंच.

नगरी_पाव्हणा

सगळ्यांचे आभार, बाईंचे विशेष. रविवारी सेकंड शिफ्ट आहे, सकाळी दोघंही गावी गेलेले असतात, तेव्हा मार्क एका बैठकीत वाचतो. नाइटला स्तोत्रं. लेवीय १९ आणि रूथ आजच वाचलं. आमच्याकडे ज्वारी काढल्यावर बाया कणसं वेचायच्या ते आठवलं, पण तो गरिबांचा हक्क म्हणून नियमशास्त्रात लिहिलेला आहे हे डोक्यात कधी आलंच नव्हतं.

एक विचारायचं राहिलं. वहीत प्रश्न साठले की ते न्यायचे कुणाकडे? पाळकसाहेबांच्या मागे चार मंडळ्या आहेत, त्यांना दर आठवड्याला गाठणं जमणार नाही.

संडेस्कूलच्या_बाई

बरोबरीचा एक जण शोध, तुझ्यासारखाच मार्क वाचणारा. पंधरा दिवसांतून एकदा फोन, अर्धा तास. दोघांनाही सुटले नाहीत तेवढेच प्रश्न पाळकसाहेबांकडे न्यायचे, तेही लिहून. तोंडी विचारलंस तर उपदेश ऐकावा लागेल.

भोसरी_सेकंड_शिफ्ट

मी भोसरीला आहे, पाळ्या माझ्याही अशाच. मार्क चालेल. व्यक्तिगत निरोप पाठवलाय, बघ.